सौम्य शिव्यांचे फ्रेंच भाषांतर: तक्त्याने भागणारे काम नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी चित्रपट व मालिकांतील बोलीभाषा आणि सौम्य शिव्या फ्रेंचमध्ये कशा न्याव्यात, यावर एक लेख प्रसिद्ध झाला आहे. भाषांतराचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी तो लिहिलेला असून त्याच्या शेवटी वीस इंग्रजी शब्द आणि त्यांचे वीस फ्रेंच प्रतिशब्द यांचा एक तक्ताही दिलेला आहे. मी पुण्यात बत्तीस वर्षे फ्रेंच शिकवले, त्यातली शेवटची चौदा वर्षे भाषांतराच्या वर्गाला शिकवण्यात गेली, आणि त्या अनुभवावरून मला असे नम्रपणे म्हणावेसे वाटते की लेखाचा हेतू चांगला असला तरी तो तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती पडू नये. अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग' म्हणून फ्रेंच घेणाऱ्या मुलांना तक्ते पाठ करण्याची सवय आधीच लागलेली असते, आणि क्रियापदांच्या रूपांपुरती ती उपयोगीही पडते. परंतु शिवी हे क्रियापदाचे रूप नव्हे.

प्रथम एक गंमत. इंग्रज माणसाच्या तोंडून चारचौघांत एखादा अपशब्द निसटला की तो 'माझ्या फ्रेंचबद्दल क्षमा असावी' अशा अर्थाचे वाक्य म्हणतो, म्हणजे शिवी अस्सल इंग्रजी आणि बदनामी फ्रेंचची. आता हेच वाक्य फ्रेंचमध्ये न्यायचे झाले तर 'माझ्या फ्रेंचबद्दल' असे लिहिता येणार नाही, कारण बोलणारा फ्रेंचच बोलत असतो. तिथे 'पासे-म्वा लेक्स्प्रेस्याँ', म्हणजे 'शब्दाबद्दल माफ करा', एवढेच साधे वाक्य वापरतात आणि शेजाऱ्याला मारलेला टोमणा सोडून द्यावा लागतो. फ्रेंचांनी या टोमण्याची परतफेड दुसरीकडे केली आहे. निरोप न घेता समारंभातून हळूच सटकण्याला इंग्रज लोक 'फ्रेंच रजा' म्हणतात, तर फ्रेंच लोक 'फिले आ लांग्लेझ' म्हणजे 'इंग्रजी पद्धतीने पसार होणे' म्हणतात. इतकेच कशाला, ज्यांना इंग्रजीत 'चार अक्षरी शब्द' म्हणतात त्यांच्यासाठी फ्रेंचमध्ये 'पाच अक्षरे' म्हणतात, कारण त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शब्दाच्या, 'मेर्द'च्या (अर्थ विष्ठा), स्पेलिंगमध्ये पाच अक्षरे आहेत. भाषांतरकाराला इथे अक्षरांची संख्यासुद्धा बदलावी लागते!

आता मुद्द्याकडे वळते. तक्त्यात 'डॅम' या शब्दासमोर 'झ्यूत', 'ब्लडी'समोर 'साक्रे' (मूळ अर्थ पवित्र) आणि 'हेल'समोर 'आँफेर', म्हणजे नरक, असे लिहिले आहे. यांतला प्रत्येक शब्द कोशात सापडतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. माझ्या वर्गातील एका हुशार विद्यार्थ्याने 'ब्लडी इडियट'चे भाषांतर 'रक्ताळलेला मूर्ख' अशा अर्थाचे केले होते. त्यावर वर्ग हसला, परंतु त्याची चूक निदान उघडी होती आणि कोणीही ती दुरुस्त केली असती. 'साक्रे' लिहिणाऱ्याची चूक झाकलेली राहते. 'साक्रे' हे विशेषण नामाच्या आधी आले की त्यात वैतागाबरोबर पुष्कळदा एक कौतुकाची छटा असते, आपण 'भलताच वस्ताद आहेस' म्हणतो तशी. भांडणात रागाने म्हटलेल्या 'ब्लडी इडियट'साठी फ्रेंच माणूस बहुधा विशेषणाच्या वाटेला जातच नाही. तो 'एस्पेस द' म्हणजे 'च्या जातीचा' असे शब्द लावून पुढे 'मूर्ख' ठेवतो. म्हणजे इंग्रजीत जे काम एक विशेषण करते, ते फ्रेंचमध्ये वाक्याची ठेवण करते.

'ब्लडी'चा हा प्रवास पुढेही असाच आहे. कडाक्याच्या थंडीला इंग्रज 'ब्लडी कोल्ड' म्हणेल. फ्रेंच माणूस 'फ्रुआ द कानार', म्हणजे बदकांची थंडी, असे म्हणेल, किंवा 'वाश्माँ' हे क्रियाविशेषण लावील, ज्याचा मूळ अर्थ 'गाईसारखे' असा असून ते आता केवळ 'फार' या अर्थाने वापरले जाते. शिवी गेली आणि तिच्या जागी बदक किंवा गाय आली, तरी बोलण्यातला मोकळेपणा आणि कुरकुर दोन्ही शिल्लक राहिली. 'तू इथे काय ब्लडी करतोयस' किंवा 'व्हॉट द हेल' या थाटाच्या प्रश्नात तर नरकाचा काहीच संबंध उरत नाही. फ्रेंचमध्ये अशा वेळी 'करणे' हे साधे क्रियापद काढून त्याच्या जागी 'फुत्र' हे जुने अश्लील क्रियापद ठेवतात, 'केस क त्यु फू', आणि सगळा वैताग त्या क्रियापदात साठवतात. ज्याला हे माहीत नाही तो 'नरक' हा शब्द कुठे बसवावा याचा विचार करत बसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की सौम्य शिवीत भाषांतर करण्याजोगा अर्थ जवळजवळ नसतो. असते ते वजन. हे वजन शब्दाच्या अंगचे नसून ते कोण, कोणाला, कुठे आणि कोणत्या काळात बोलले यावर ठरते. म्हणून भाषांतरकाराने 'या शब्दाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात' असा प्रश्न न विचारता 'हाच माणूस फ्रेंच असता तर याच क्षणी याच माणसाला काय म्हणाला असता' असा प्रश्न विचारला पाहिजे. लेखात या प्रश्नाचा उल्लेख नाही, उलट 'शंका आल्यास शब्द गाळावा' असा सल्ला आहे, आणि मला सर्वांत अधिक खटकले ते हेच.

काळाचे उदाहरण आधी घेते, कारण ते आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचा लंडनमधील पहिला प्रयोग १९१४ साली झाला, तेव्हा सभ्य घरातील चहापानाच्या प्रसंगी नायिकेच्या तोंडून आलेल्या 'ब्लडी' या एका शब्दाने सारे शहर ढवळून निघाले होते. पुढे १९५६ मध्ये त्याच नाटकावरून संगीतिका रचली गेली, तोपर्यंत त्या शब्दाची धार इतकी बोथट झाली होती की घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नायिकेच्या तोंडी निराळाच, शरीराच्या मागच्या भागाचा उल्लेख करणारा शब्द घालावा लागला. बेचाळीस वर्षांत इंग्रजीचेच इंग्रजीत भाषांतर करण्याची वेळ आली. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' मराठीत आणली, तेव्हा त्यांनी मूळ शब्दाचा प्रतिशब्द शोधला नाही, तर संपूर्ण भाषिक चौकट आपल्या मातीत उभी केली, हे आपण जाणतोच. आता याच प्रवेशाच्या फ्रेंच भाषांतराचा विचार करावा. 'झ्यूत' म्हणावे तर तो शाळकरी पोराचा शब्द, त्याने चहाच्या पेल्यातही वादळ उठणार नाही. 'मेर्द' म्हणावे तर चहापानच मोडेल, आणि शिवाय पॅरिसच्या प्रेक्षकांनी तो धक्का अगोदरच पचवलेला होता: १८९६ च्या डिसेंबरात आल्फ्रेद झारी यांच्या 'उब्यु र्वा' या नाटकाची सुरुवातच मुळी या शब्दाने झाली होती, त्यात एक जादा 'र' घुसडून. प्रेक्षागृहात त्यावर जो गोंधळ माजला तो रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. तेव्हा 'ब्लडी'ला जुळणारा शब्द शोधायचा म्हणजे कोणत्या वर्षीचा 'ब्लडी' आणि कोणत्या वर्षीचे फ्रेंच, हे आधी ठरवावे लागते.

स्थळाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. फ्रान्समधील शिव्या बऱ्याच अंशी शरीरावरून आणि वेश्याव्यवसायावरून आल्या आहेत, तर कॅनडातील क्युबेक प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्यांच्या जोरकस शिव्या चर्चच्या वेदीवरून आल्या आहेत. 'ताबर्नाक' म्हणजे पवित्र प्रसाद ठेवण्याची पेटी, 'कालिस' म्हणजे पूजेचा चषक, 'ओस्ती' म्हणजे प्रसादाची चकती. ज्या समाजावर कॅथलिक चर्चची पकड १९६० च्या दशकापर्यंत अत्यंत घट्ट होती, त्या समाजाने रागावल्यावर नेमक्या त्याच वस्तूंना हात घातला, यात नवल नाही. आता इंग्रजी 'डॅम' हा शब्दही मुळात धार्मिक आहे, म्हणून मॉन्ट्रियलसाठी भाषांतर करताना त्याच्या जागी 'ताबर्नाक' ठेवावा असे एखाद्याला वाटेल. ते मोठेच संकट ठरेल, कारण मूळ धार्मिक असूनही 'डॅम' आज केवळ उसासा आहे आणि 'ताबर्नाक' हा घाव आहे. क्युबेकमध्ये 'डॅम'च्या तोलाचा शब्द आहे 'मोद्झी', म्हणजे शापित. बर्फ, गाडी, हिशेब अशा कशालाही तो सहज चिकटतो. हाच शब्द पॅरिसमध्ये पुस्तकी आणि गंभीर वाटतो, तिथे तो शापित कवींना लावतात. एकच शब्द, एकच स्पेलिंग, आणि दोन शहरांत दोन वजने. त्यामुळेच काही अमेरिकी मालिकांची फ्रान्ससाठी आणि क्युबेकसाठी निरनिराळी डबिंगे होतात, आणि तो खर्च वायफळ नाही. फ्रान्सच्या आतसुद्धा हीच कथा आहे. 'प्युतँ' या शब्दाचा कोशातील अर्थ वेश्या असा आहे, परंतु मार्सेय किंवा तुलूझकडच्या बोलण्यात तो जवळजवळ स्वल्पविरामासारखा येतो. तो ऐकून आपल्याकडचा नवखा विद्यार्थी हादरतो, आणि चार महिन्यांनी स्वतः तो शब्द घरमालकिणीपुढे वापरून तिला हादरवतो.

इथे मला मराठी विद्यार्थ्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आपली मुले फ्रेंच शिकतात ती बहुतेक वेळा इंग्रजीच्या खिडकीतून. फ्रेंच शब्द आला की त्याचा इंग्रजी अर्थ वहीत लिहायचा, आणि इंग्रजी शिव्या तर त्यांनी मुख्यतः पडद्यावर ऐकलेल्या, त्यांचे खरे वजन त्यांना घरी-दारी कधी जाणवलेले नसते. म्हणजे न तोललेल्या वस्तूला दुसऱ्या न तोललेल्या वस्तूने मोजायचे. वास्तविक त्यांच्याजवळ एक उत्तम तराजू असतो, तो म्हणजे स्वतःचा कान. क्षमा मागून लिहिते, पण विषयच तसा आहे: 'च्यायला' हा शब्द कोणत्या शिवीचे टोक खुडून तयार झाला, हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते आणि तरीही तो शब्द बँकेच्या रांगेत सहज ऐकू येतो. 'आईच्या गावात' म्हणताना कोणाच्याही मनात कोणतेही गाव नसते. मुंबईच्या महाविद्यालयांत 'भेंडी' हा उद्गार भाजीसाठी निघत नाही, तर एका हिंदी शिवीच्या पहिल्या अक्षराशी जुळणारी निरुपद्रवी भाजी म्हणून निघतो. आता फ्रेंचकडे पाहावे. 'प्युतँ' म्हणायला जाऊन ऐन वेळी सावरणारा माणूस 'प्युनेझ' म्हणतो, म्हणजे ढेकूण, किंवा 'प्युरे' म्हणतो, म्हणजे कुस्करलेली भाजी. 'मेर्द'च्या काठावरून परत फिरणारा 'मेर्क्रदी' म्हणतो, म्हणजे बुधवार, किंवा 'मँस', म्हणजे बारीक. 'फ्ल्यूत' ही बासरीसुद्धा याच कामाला येते. ही सगळी 'भेंडी'चीच भावंडे आहेत. हे एकदा वर्गात सांगितले की मुलांना 'प्युनेझ'चे वजन तत्काळ कळते. इंग्रजीतील 'डार्न' आणि 'हेक' ही 'डॅम' आणि 'हेल'ची सावरलेली रूपे समजावून सांगण्यात अर्धा तास घालवावा लागत नाही.

देवाचे नाव टाळण्याची फ्रेंच युक्ती अधिक जुनी आहे. 'देवाच्या मृत्यूची शपथ' किंवा 'देवाच्या रक्ताची शपथ' असे म्हणणे हा पूर्वी गुन्हा ठरत असे, म्हणून 'द्य', म्हणजे देव, या शब्दाच्या जागी त्याच्याशी यमक जुळणारा 'ब्ल', म्हणजे निळा, हा शब्द घालून 'मोर्ब्ल', 'पारब्ल', 'साक्रब्ल' असे उद्गार तयार झाले. यांतला 'साक्रब्ल' आपल्या लेखातील तक्त्यात 'आश्चर्यदर्शक, सर्रास वापरला जाणारा' असे वर्णन करून दिलेला आहे. तो आजच्या फ्रान्समध्ये सर्रास वापरला जात नाही. इंग्रजी चित्रपटांतील फ्रेंच माणूसच तो वापरतो. आजच्या लंडनमधील एखाद्या तरुणाच्या 'गॉश'चे, म्हणजे 'गॉड'च्या सावरलेल्या रूपाचे, भाषांतर 'साक्रब्ल' असे करणे म्हणजे आजच्या डोंबिवलीच्या लोकलमधील तरुणाच्या तोंडी 'शिव शिव शिव' घालण्यासारखे आहे.

सर्वांत अवघड असतात ती रुसव्यातली, प्रेमातली आणि तुच्छतेतली वाक्ये, कारण तिथे शब्द सौम्य असला तरी प्रसंग सौम्य नसतो. 'गॉन विथ द विंड' या १९३९ च्या चित्रपटाच्या अखेरीस नायक नायिकेला सोडून जाताना जे वाक्य बोलतो, 'फ्रँकली, माय डिअर, आय डोन्ट गिव्ह अ डॅम', त्यातला शेवटचा शब्द पडद्यावर येऊ द्यावा की नाही यावर अमेरिकेत मोठा खल झाला होता, आणि चित्रपटउद्योगाच्या आचारसंहितेत त्याच वर्षी अशा शब्दांना काही अपवादात्मक प्रसंगी सवलत देणारी दुरुस्ती झाली. फ्रेंच डबिंगमध्ये ते वाक्य 'फ्रांश्माँ, मा शेर, से ल कादे द मे सुसी' असे आले आहे. शब्दशः अर्थ असा, की माझ्या सगळ्या चिंतांमध्ये ही सर्वांत धाकटी. वाक्य फार सुंदर आहे. फ्रेंच माणसाला ते पाठ असते, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उमद्या, छद्मी गृहस्थाला ते शोभूनही दिसते. मी स्वतः अनेक वर्षे ते वर्गात आदर्श म्हणून सांगत असे. आता मात्र माझे मत बदलले आहे. ज्या एका शब्दासाठी निर्माते भांडले, तो शब्द, म्हणजे सभ्यतेचा मुखवटा क्षणभर सरकल्याची खूण, या फ्रेंच वाक्यात नाही; मुखवटा अखेरपर्यंत जागच्या जागी राहतो. त्याऐवजी 'ज मां फिश', म्हणजे 'मला काही फिकीर नाही', हा मार्ग होता. 'फिश' हे 'फू' या असभ्य रूपाचे निवळलेले रूप, म्हणजे पुन्हा 'च्यायला'च्याच घराण्यातले. मराठीत या दोन वाटा आपल्याला चटकन दिसतात: 'मला त्याचे काडीचेही सोयरसुतक नाही' ही एक, आणि 'खड्ड्यात गेले सगळे' ही दुसरी. पहिलीत डौल आहे, दुसरीत पाठ फिरवणे आहे. मूळ इंग्रजी वाक्याची सुरुवात पहिलीत होते आणि शेवट दुसरीत होतो, आणि त्या वळणातच त्याचे सारे सामर्थ्य आहे. डबिंग करणाऱ्याला अर्थात ओठांच्या हालचालींशीही जुळवून घ्यावे लागते, त्यामुळे त्याच्या मर्यादा माझ्यासारख्या खुर्चीत बसून मत देणाऱ्या बाईला नसतात, हेही मान्य केले पाहिजे.

तुम्ही-आम्ही ज्याला 'अहो-जाहो' आणि 'अरे-तुरे' म्हणतो, त्या बाबतीत फ्रेंच भाषा मराठीच्या जवळ आणि इंग्रजीपासून दूर आहे. इंग्रजी 'यू'मध्ये दोन्ही दडलेले असतात, फ्रेंचमध्ये मात्र 'त्यु' की 'वू' हे ठरवल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. विद्यार्थ्यांचा समज असा असतो की शिवी आली म्हणजे 'त्यु' आलेच. तसे नाही. 'वू' कायम ठेवून दिलेली शिवी अधिक थंड आणि अधिक लागणारी असते, जसे आपल्याकडे 'मूर्खा' यापेक्षा 'आपण मूर्ख आहात' हे अधिक बोचते. उलट 'शट अप' हे इंग्रजीत बहीण भावालाही म्हणते, मैत्रीण मैत्रिणीलाही आश्चर्याने म्हणते. त्यासाठी तक्त्यात 'ता गल' दिला आहे. 'गल' म्हणजे जनावराचे तोंड, आपल्या 'थोबाड'च्या जवळचे. बहिणीने भावाला 'गप रे' म्हणावे आणि भाषांतरकाराने 'थोबाड आवर' लिहावे, असा हा प्रकार झाला. 'ते-त्वा' हा साधा शब्द तिथे पुरेसा असताना वजन दुप्पट करण्याची गरज नव्हती.

इंग्रजी बोलीतच जेथे दोन देशांत दोन अर्थ आहेत, तेथे तर तक्ता उघड उघड फसवतो. 'पिस्ड' म्हणजे ब्रिटनमध्ये प्यायलेला आणि अमेरिकेत 'संतापलेला'. पहिल्यासाठी फ्रेंचमध्ये 'बुरे', दुसऱ्यासाठी 'फ्युराक्स'. तक्त्यात फक्त दुसरा अर्थ दिला आहे, म्हणजे लेखकाने अमेरिकी मालिकाच पाहिल्या असाव्यात.

याच्या उलट एक शब्द असा आहे, की जिथे कोश आणि इतिहास दोन्ही हातात हात घालून उभे आहेत, आणि नेमका तोच तक्त्यात नाही. इंग्रजी 'बगर' आणि फ्रेंच 'बुग्र' हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचे मूळ 'बल्गेरियन' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, कारण मध्ययुगात बल्गेरियाकडून आलेल्या एका धर्मपंथाला पाखंडी ठरवून त्याच्यावर वाटेल ते आरोप केले गेले. पुढे दोन्ही भाषांत तो शब्द घासत घासत इतका गुळगुळीत झाला की 'पुअर बगर' म्हणजे 'बिचारा' आणि 'पोव्र बुग्र' म्हणजेही 'बिचारा'. मात्र इंग्रजी शब्दाला अजून थोडा खरखरीतपणा आहे आणि फ्रेंच शब्दाला आता जुन्या पुस्तकाचा वास येतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात 'ल पेर द्युशेन' नावाचे वृत्तपत्र 'बुग्र' आणि 'फुत्र' हे शब्द जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात वापरी, कारण सामान्य माणसाचा आवाज म्हणून त्याला मिरवायचे होते. त्याचे संपादक एबेर यांना १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवण्यात आले. कारण भाषा हे नव्हते, राजकारण होते, हे संपादक महाशयांच्या समाधानासाठी नमूद करते.

लेखकाने 'शंका आल्यास शब्द गाळावा' असे म्हटले आहे, त्याला एक व्यावहारिक आधार आहे हे मी नाकारत नाही. उपशीर्षके लिहिणाऱ्याला दोन ओळींत आणि मोजक्या अक्षरांत सारे बसवावे लागते, आणि कानाला सहज वाटणारी शिवी पडद्यावर लिहिलेली दिसली की अधिक भडक वाटते, हा या व्यवसायातील सर्वांचा अनुभव आहे. त्यामुळे पाच 'ब्लडीं'पैकी तीन सोडून देणे हा अपराध नव्हे. परंतु कोणते दोन ठेवायचे, हे ठरवण्यासाठी भाषांतरकाराला पाचही तोलता आले पाहिजेत. चिडका म्हातारा प्रत्येक वाक्यात 'ब्लडी' म्हणत असेल तर दोन पुरेत. आयुष्यभर एकही अपशब्द न बोललेली आई शेवटच्या प्रसंगी एकदाच 'डॅम' म्हणत असेल, तर तो शब्द गाळण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तिथे 'झ्यूत' लिहिणे म्हणजे तो गाळण्याहून वाईट.

फ्रेंचांनीही इंग्रजी शिव्यांकडे काही कमी कुतूहलाने पाहिलेले नाही. शंभर वर्षांच्या युद्धात ते इंग्रज सैनिकांना 'गोदाँ' म्हणत, आणि ते नाव त्या सैनिकांच्या तोंडच्या 'गॉड डॅम'वरून पडले असे मानले जाते. बोमार्शे यांच्या १७८४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'फिगारोचे लग्न' या नाटकात नायक फिगारो असे सांगतो की इंग्लंडमध्ये 'गॉड-डॅम' एवढे येत असले की कशाचीही उणीव भासत नाही, इंग्रज लोक अधूनमधून आणखी काही शब्द जोडतात खरे, परंतु भाषेचा पाया तोच आहे. त्या प्रवेशात फिगारो कोंबडी मागतो, मद्य मागतो, सुंदर स्त्रीला अभिवादन करतो, आणि प्रत्येक ठिकाणी एकच शब्द निरनिराळ्या हावभावांसह वापरतो. बोमार्शे यांनी तो शब्द फ्रेंचमध्ये नेलाच नाही, तसाच ठेवला. भाषांतराच्या अभ्यासक्रमात मी हा प्रवेश पहिल्याच आठवड्यात लावत असे, कारण एकाच शब्दाला निरनिराळ्या प्रसंगांत निरनिराळे अर्थ कसे येतात हे त्यातून न शिकवता समजते.

माझी विनंती एवढीच की तो तक्ता आपल्या संकेतस्थळावरून काढावा, आणि तो काढणे शक्य नसेल तर निदान प्रत्येक फ्रेंच शब्दासमोर कोशकार देतात त्याप्रमाणे 'घरगुती', 'असभ्य', 'जुना', 'क्युबेकपुरता' अशी खूण घालावी. 'साक्रब्ल'समोर 'जुना' आणि 'ता गल'समोर 'असभ्य' एवढे लिहिले तरी काही मुले पॅरिसमधल्या पहिल्याच आठवड्यातील फजितीतून वाचतील.

तक्त्यातील शेवटची नोंद मात्र अचूक आहे, आणि ती लेखकाने कोठून मिळवली याचे मला कौतुक वाटले. नाटकाच्या प्रयोगाआधी इंग्रज लोक नटाला 'पाय मोडो' अशा शुभेच्छा देतात, तेथे फ्रेंच लोक 'मेर्द' म्हणतात. पूर्वी प्रेक्षक घोडागाड्यांतून येत, आणि थिएटरच्या दारात घोड्यांची लीद जितकी अधिक तितकी गर्दी अधिक, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. फक्त एक गोष्ट तिथे राहून गेली आहे. या शुभेच्छेला 'मेर्सी', म्हणजे धन्यवाद, असे उत्तर द्यायचे नसते, ते अपशकुनी समजतात. आमच्या वर्गाच्या वार्षिक एकांकिकेच्या वेळी मुली विंगेत एकमेकींना हा शब्द म्हणत आणि सवयीने दर वेळी आभार मानून मोकळ्या होत.

आपली नम्र,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे